माझ्या नावावरची श्रेणी

सांगली,
३ जून

चि. बाळूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निपाणी ओलांडल्यावर तू केलेला फोन आणि रात्री घरी सुखरूप पोचल्याचा निरोप, दोन्ही मिळाले. फोनवर मी भडंगाच्या डब्याविषयी आणि पिल्लूच्या खोकल्याविषयीच बोलले, कारण गाडीत तुझा फोन सगळ्यांना ऐकू येतो आणि मला जे सांगायचे आहे ते चिऊच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते घरी न पाठवता तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर.

शेवटच्या रात्रीच्या भांडणाबद्दल काही लिहायचे नाही असे ठरवून मी बसले होते. टीव्हीला जोडायच्या तुझ्या त्या यंत्रावरच्या मेंदूच्या खेळाविषयी मी तुला एवढेच म्हणाले होते, "खेळ आहे रे तो, परीक्षा नव्हे." त्यावर तू हातातला रिमोट दिवाणावर भिरकावलास आणि म्हणालास, "हे तू सांगतेस, आई? तू?" मग तू गच्चीवर निघून गेलास, तुझ्या बाबांनी टीव्ही बंद केला, आणि सकाळी गाडीत सामान भरताना आपण दोघे फक्त पिशव्या मोजत होतो. तुझ्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. मला काळजी आहे ती चिऊची. पण तिच्याविषयी मागाहून लिहीन.

आधीचे चार दिवस किती छान गेले ते अगोदर सांगते, नाहीतर तुला वाटेल की आईला तुझ्या त्या यंत्रात खोटच दिसते. जेवणे आटोपल्यावर दिवाण सरकवून चौघांनी चार रिमोट घेऊन बसायचे आणि तुझ्या बाबांनी खुर्चीतून, स्वतः न खेळता, सगळ्यांना सूचना द्यायच्या. धूसर चित्र हळूहळू स्पष्ट होत जाते आणि प्राणी कोणता ते आधी ओळखायचे, त्या खेळात ते दर वेळी "म्हैस!" म्हणून ओरडत होते आणि एकदाही म्हैस निघाली नाही. आगगाडीसाठी रुळांचे तुकडे जोडायचा खेळ मला सर्वांत आवडला. आकडे उलट्या क्रमाने सांगायचे असत तिथे मात्र माझी मजल चारच्या पुढे जात नव्हती, असो.

मनापासून सांगते, त्या खेळातली एक युक्ती मला शिक्षिका म्हणून फार भावली. चौघे एकाच वेळी खेळत असले तरी प्रत्येकाला आपापली पायरी निवडता येते, त्यामुळे पिल्लू सर्वांत सोप्या पायरीवर आणि तू अवघड पायरीवर असूनही शर्यत खरी होते, आणि पिल्लू तुला हरवतो तेव्हा तो खरोखरच हरवतो. बत्तीस वर्षे मी पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला एका फळ्यावरचे एकच गणित घातले. ज्याला ते सोपे तो खिडकीबाहेर पाहायचा आणि ज्याला ते जमत नसे तोही खिडकीबाहेरच पाहायचा. दोघांनाही मी सारखीच रागावत असे.

लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत फुगे फोडायचे होते त्या रात्री मी चिऊला मदत म्हणून "आता एकोणसत्तर!" असे ओरडले आणि ती हात थांबवून माझ्याकडे पाहतच राहिली. "आजी, म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?" तेवढ्यात तू तिन्ही फुगे फोडून मोकळा झालास. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले, तेव्हा आम्हा निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर केवढा गदारोळ झाला होता आणि भाषा बुडाली म्हणणाऱ्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता. चिऊचा तो थबकलेला हात पाहिला आणि तो सगळा आवेश मला आठवला. तू मात्र म्हणालास, "हिचा प्रोसेसिंग स्पीडच कमी आहे." तिच्यासमोर म्हणालास.

पाचव्या दिवसापासून सगळे बदलले, नाही का? चौघांची शर्यत मागे पडली आणि पाच विभागांची ती चाचणी सुरू झाली, जिच्या शेवटी श्रेणी मिळते. तू मोबाइलमध्ये कोष्टक केलेस, त्यात तारीख आणि चिऊची श्रेणी. पिल्लूचे कोष्टक नव्हते, सूनबाईंचे नव्हते, तुझे स्वतःचेही नव्हते.

इथे मला तू तिसरीत असतानाचे आठवते आणि ते लिहिल्याशिवाय पुढे जाणे खोटेपणाचे होईल. वीज गेलेली, ओटीवर कंदील, तू पाटावर बसलेला आणि मी हातात लाकडी पट्टी घेऊन समोर. तेराच्या पाढ्यात तू नेहमी शेवटाला अडखळायचास. "तेरा नव्वे" म्हटले की तुझा आवाज खाली जायचा, कारण 'सतरोदरसे' हा शब्द तुला कधी नीट आलाच नाही, आणि एकशे सतरा हे उत्तर माहीत असूनही मी ते धरत नसे. पाढा पूर्ण झाल्याशिवाय ताट वाढायचे नाही हा माझा नियम होता. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी सकाळी तुला उलटी झाली, तेव्हा मी "रात्रीचे अपचन" असे सगळ्यांना सांगितले. गुणवत्ता यादीत तुझे नाव आले आणि मी गल्लीत पेढे वाटले. त्या यादीचे कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे आणि ते काढून टाकायला माझा हात धजत नाही. ते पाहिले की ऊर भरून येतो आणि लगेच ती सकाळ आठवते.

त्याच सुमारास तू आजोबांचा भिडू होऊन मेंढीकोट खेळायचास. कोणती मेंढी पडली, कोणती कुणाच्या हातात असणार, हुकूम किती उरले, हे आठ वर्षांचा तू मनात धरून असायचास आणि आजोबा चुकीचे पान टाकू लागले तर नुसती भुवई उडवायचास. ती स्मरणशक्तीच होती ना रे? त्याची श्रेणी कुणी लिहून ठेवली नाही. मी तर तुला त्यावरून "अभ्यास सोडून पत्ते" म्हणून ओरडत असे.

तू म्हणालास की रोज पंधरा मिनिटे हे खेळले की एकाग्रता वाढते आणि शाळेतले गणित आपोआप सुधारते. मी त्यावर थोडे वाचले, कारण वाचल्याशिवाय वाद घालू नये असे मीच तुला शिकवले आहे. या जातीच्या खेळांची लाट आली ती जपानमधून, २००५ साली, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ रयुता कावाशिमा यांच्या नावाने निघालेल्या खेळामुळे. झरझर बेरजा-वजाबाक्या करायच्या, मोठ्याने वाचायचे आणि शेवटी मेंदूचे वय कळायचे. वीस वर्षे निघाले तर उत्तम. त्यानंतर २०१० साली 'नेचर'मध्ये एक मोठा प्रयोग छापून आला. ११,४३० जणांनी सहा आठवडे असे सराव संगणकावर केले. ज्या सरावाला बसले त्यात ती माणसे चांगलीच तयार झाली, पण त्याच्याशी मिळतीजुळती असणारी दुसरी कामे दिली तेव्हा त्यांच्यात म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. अमेरिकेत २०१६ साली ल्युमोसिटी या नावाने असे खेळ विकणाऱ्या कंपनीवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा ठपका आला आणि तिने २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. सगळे शास्त्रज्ञ एकमताचे आहेत असे नाही, वयस्कर माणसांना काही विशिष्ट सरावाचा उपयोग होतो असे म्हणणारेही आहेत. पण मला ते 'नेचर'चे वाचून मुळीच आश्चर्य वाटले नाही. तिसापर्यंतचे पाढे घडाघड म्हणणारी माझ्या वर्गातली मुले, पन्नासची नोट देऊन साडेसतरा रुपयांची वही घेतली तर किती परत येतील असे विचारले की छताकडे पाहायची. पाढे म्हणायचा सराव केला की पाढे येतात. तुझ्या यंत्राचेही तेच असणार; फुगे फोडायचा सराव केला की फुगे फोडता येतात, आणि आठ वर्षांच्या मुलीला रोज संध्याकाळी श्रेणी मिळत गेली की

हे बघ, मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले. क्षमा कर. तू दिवसभर त्या मीटिंगा सांभाळून, डोळे लाल झालेले असताना, मुलांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसत होतास, हे मी पाहिले आहे. तुझे बाबा तुझ्याशी असे कधी खेळले नाहीत आणि मी तर नाहीच नाही. चिऊ मागे पडेल ही भीती तुला झोपू देत नाही हेही मला कळते. ती भीती तुला माझ्याकडूनच आली आहे.

पण चिऊचे सांगते. आमरसासाठी आंबे पिळत होतो त्या दुपारी, कोपरापर्यंत रस लागलेला असताना, तिने मान वर न करता विचारले, "आजी, मी ढ आहे का?" मी म्हणाले, "कोण म्हणाले तुला?" ती म्हणाली, "कोणीच नाही. यादीत दिसतं ना." माझ्या हातातली कोय तशीच राहिली. हा शब्द बंगळूरच्या इंग्रजी शाळेत तिला कुणी शिकवला नसेल. तो आपल्याच घरातला आहे.

आता जे सांगते त्यासाठी हे पत्र आहे. तुझ्या मीटिंगा चालू असताना दुपारी चिऊ ते यंत्र मांडीवर घेऊन माजघरात माझ्याजवळ येऊन बसत असे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या नावानं खेळू का? तुझे मार्क बाबा लिहून ठेवत नाहीत." मी हो म्हणाले. मी तांदूळ निवडत होते, ती खेळत होती, चुकली की "अगंबाई" म्हणत होती (हे माझे उचललेले) आणि पुन्हा सुरू करत होती. तिसऱ्या दुपारी पडद्यावर 'ए' आला. ओरडू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले. मी त्या यंत्राला बोटही लावले नव्हते.

त्याच संध्याकाळी तुला माझ्या नावापुढे ती श्रेणी दिसली. "आई, कमाल आहे तुझी! सत्तराव्या वर्षी 'ए'!" म्हणून तू फोटो काढलास, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलास आणि ताईआत्याने हारांची चित्रे पाठवली. मी तेव्हाच सांगायला हवे होते. चिऊला "सांगणार नाही" असा शब्द दिला होता हे खरे, पण ते कौतुक मला गोड लागले हेही तितकेच खरे. आणि शेवटच्या रात्री तू तिला म्हणालास, "आजीला 'ए' मिळतो आणि तुला 'सी'? आजीला?" तिची स्वतःची श्रेणी तू तिलाच फेकून मारलीस, बाळू. ती रडली, पण बोलली नाही. तिने स्वतःची बाजू मांडली नाही आणि मला उघडे पाडले नाही. आठ वर्षांच्या मुलीचा हा धीर पाहून मला अभिमान वाटावा की धडकी भरावी हे मला अजून कळलेले नाही. तूही उलटी झाल्यावर तोंड धुऊन, काही न बोलता, माझ्यापुढे डबा धरून उभा राहिला होतास.

मी सांगितले हे तिला कळू देऊ नकोस. तिला समोर बसवून "मला सगळं कळलं आहे" असेही म्हणू नकोस. तुझा तो स्वभाव मी ओळखते, माझाच आहे. ते कोष्टक मात्र पुसून टाक. मी सांगते म्हणून नको, तुला पटले तर. आणि चौघांची शर्यत सोडू नका, तेव्हा हसलास तेवढे हसलेले तुला मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

चिऊने मला समजावले की आपण नसलो तरी त्या यंत्रात आपण खेळतो तसेच खेळणारे आपले भूत राहते आणि घरातल्या दुसऱ्याला त्याच्याशी शर्यत लावता येते. गाडीत बसताना ती माझ्या कानात म्हणाली, "मी रोज तुझ्या भुताशी खेळणार आहे." तेव्हा माझ्या नावाचे खाते काढू नकोस. जागा लागली तरी काढू नकोस.

पिल्लूला रात्री हळद-दूध द्या. सूनबाईंची हिरवी ओढणी इथेच राहिली आहे, ती आणि भडंग घरच्या पत्त्यावर पाठवते. रिमोटची मनगटात अडकवायची दोरी आज केर काढताना दिवाणाखाली सापडली, तू तो भिरकावलास तेव्हा निघाली असावी. तीही भडंगाच्या पुड्यात घातली आहे. पुडा चिऊला फोडू दे, फक्त दोरी कुठे सापडली ते तिला सांगू नकोस.

तुझी,
आई