सुमे, त्यांच्याकडे अजून एक किल्ली आहे

प्रिय सुमे,

माझ्या घरमालकांचं हे प्रकरण आधी आईला सांगितलं, मग पिंट्याला, मग ऑफिसातल्या मैत्रिणींना. सगळ्यांचं उत्तर एकच: "चांगलंच केलं की त्यांनी! किती काळजी घेतात तुझी." म्हणून तुला लिहायला बसलेय. कॉलेजात असताना घरमालकीण काकूंच्या त्या खोलीत जी माझ्याबरोबर राहिली, तिलाच हे कळेल. माझी तब्येत बरी आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, बीपी गोळीवर आहे. आता ऐक.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले. दुपारी चांगलाच पाऊस झाला होता आणि सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालून गेले होते. ओलेचिंब झाले असणार म्हणून चपला काढून थेट गॅलरीत. दोरी रिकामी. सगळे चिमटे एका टोकाला ओळीने लावलेले. आत येऊन बघते तर पलंगावर घड्या. कुडते एकीकडे, टॉवेल एकीकडे, आणि माझे आतले कपडे वेगळे ठेवलेले, त्यांच्याही घड्या घातलेल्या, आणि त्यांच्यावर माझाच एक रुमाल पसरून झाकलेला. सुमे, तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. झाकायला हवं हे ज्या माणसाला कळतं, त्याला हात लावू नये हे कळत नाही?

पहिल्यांदा वाटलं चोर शिरला. पण घड्या घालून जाणारा चोर अजून जन्माला यायचाय. मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं हो, मीच आलो होतो. आभाळ भरून आलं, म्हटलं पोरीचे कपडे भिजतील." इतक्या मायेने म्हणाले की माझ्या तोंडून "बरं" एवढंच निघालं.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. एकदा संध्याकाळी बाथरूमची फरशी ओली. "नळ गळतोय का बघून गेलो." एकदा खुर्ची माळ्याखाली सरकवलेली. माळ्यावर त्यांची जुनी ट्रंक आहे, तिच्यातले कागद हवे होते. आणि उन्हाळ्यात मला ताप आला होता तेव्हाचं तर मी कुणाला सांगितलंच नव्हतं. पांघरूण घेऊन पडले होते, भर दुपारी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. उठून बसेपर्यंत ते हॉलमध्ये. मला बघून म्हणाले, "अरे, तू घरी आहेस होय?" म्हणजे मी घरी असणं ही अडचण झाली! घंटा आहे, सुमे. दाराच्या उजव्या हाताला, चांगली चालणारी घंटा आहे.

आता कळलं ना तुला काकू का आठवल्या? आपण कॉलेजला गेलो की त्या आपलं कपाट "आवरायच्या". तुझी निळी वही त्यांनी वाचली हे कशावरून कळलं होतं, आठवतंय? पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते! तू कवितेत "तूझा" लिहिलं होतंस, त्यातला दीर्घ ऊ त्यांनी खोडून ठेवला होता. चष्मिष्ट तर हसून हसून लोळली होती आणि तू तिच्या अंगावर उशी फेकलीस. आणि मग तू जी चिडलीस ती पेपरच्या आदल्या दिवशी! मी म्हणत होते परीक्षा होऊ दे, मग बोल. तू म्हणालीस, आज गप्प बसले तर उद्या ती बाई तुझीही वही उघडेल. आपल्याला बोचकी घेऊन चष्मिष्टकडे जावं लागलं आणि अर्थशास्त्राच्या पेपरचा अभ्यास मी तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी बसून केला. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही हां. पेपरच्या आदल्या रात्री कुणी घरमालकिणीशी वाद घालतं का गं?

पण काकू निदान आपल्याच घरात राहायच्या. इथे पूर्ण भाडं मी भरते, विजेचं बिल मी भरते, आणि तरी घरात पाहुणीसारखी वावरते. एकटी असूनही कपडे बदलायला बाथरूममध्ये जाते आणि आतून कडी लावते. सकाळी निघायच्या आधी कुणीतरी बघायला येणार आहे अशा बेताने घर आवरते. औषधांची पिशवी, बँकेचे कागद, आईची जुनी पत्रं सगळं कपाटात कुलपाखाली. निघताना दाराच्या फटीत कागदाचा एक बारका कपटा अडकवते आणि संध्याकाळी कुलूप उघडायच्या आधी वाकून बघते तो तसाच आहे का. बहुतेक वेळा तो असतो. नुसता तो बघायला वाकावं लागतं ना, त्याचाच मला संताप येतो.

आई म्हणते, वयस्कर माणूस आहे, मनात काही वाईट नाही. नाहीये, मलाही माहीत आहे. पण मग मी काय त्यांच्या मनात वाईट येईपर्यंत थांबायचं? ऑफिसातली म्हणाली, घर त्यांचंच आहे ना शेवटी. भिंती त्यांच्या, मान्य. त्या भिंतींच्या आत मला कुणी बघत नाही, एवढ्याच गोष्टीचं मी भाडं देते.

मग करार काढून वाचला. नेहमीचाच, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदणी झालेला. त्यात एक ओळ आहे की जागेचा कायदेशीर ताबा मालकाचाच राहील. एजंटला फोन केला तर त्याने हीच ओळ वाचून दाखवली. "मॅडम, तुम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी आहात. मालक केव्हाही येऊ शकतात." इतक्या खात्रीने बोलला की क्षणभर मलाही खरं वाटलं. पण मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ शोधून वाचला. त्यात २८ वं कलम आहे, एकाच वाक्याचं. मालकाला जागा पाहायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. सूचना कुणाला द्यायची तेही तिथेच लिहिलंय: भाडेकरूला, परवानाधारकाला किंवा तिथे जो राहतो त्याला. परवानाधारक म्हणजे लायसन्सी, म्हणजे मी! ते कलम वाचून मी एकटीच घरात "हां!" असं ओरडले. तू असतीस तर शेजाऱ्यांनी भिंत वाजवली असती.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी भाड्याच्या कायद्याचा एक नमुना केला, त्यात तर आणखी नेमकं लिहिलंय. निदान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवर कळवायचं, कशासाठी येणार, कोणत्या दिवशी, किती वाजता ते सांगायचं, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर यायचं नाही. आग, पूर, भूकंप असं काही झालं तरच न सांगता आत जाता येतं. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो नमुना लागू होत नाही, म्हणून मी १९९९ च्या कायद्यालाच धरून आहे. पण वाचून धीर आला. २४ तास आधी सांगा, एवढंच तर मी मागतेय, आणि ते मागणं वेडेपणाचं नाही हे कुणीतरी कागदावर लिहून ठेवलंय.

पिंट्या म्हणाला, सरळ पोलिसात जा. घरात बेकायदा घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पण त्यात हेतू लागतो: गुन्हा करायचा, धमकवायचं, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा. हा माणूस माझे टॉवेल भिजू नयेत म्हणून आला होता. ठाण्यात मी काय सांगू? आणि खरं सांगते, मला त्यांना चौकीत बसलेलं बघायचंच नाही. त्यांनी घंटा वाजवायला हवी, बस.

रविवारी गेले त्यांच्याकडे. समोरच्याच विंगमध्ये राहतात. मी शांतपणे बोलले, शपथ. तुझ्यासारखी सुरुवातीलाच आवाज चढवून नाही. म्हटलं, काका, तुम्ही काळजीने येता हे मला माहीत आहे, पण मला न विचारता येऊ नका. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच कसंसं झालं. "मुलीसारखी मानतो गं तुला." मी म्हटलं, "मग मुलीच्या खोलीत जाताना दार वाजवता ना?" ते काही बोलले नाहीत. आतून त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नाही वाजवत. आमची लेकही हेच सांगून सांगून थकली." सुमे, त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली.

मग ते किल्लीवर आले. पाण्याची लाइन फुटली, शॉर्टसर्किट झालं आणि मी गावाला असले तर? हे मलाही पटतं. मी सुचवलं, किल्ली पाकिटात घालू, पाकीट चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या करू. तसंच काही झालं तर मला फोन करायचा आणि पाकीट फोडायचं. मला वाटलं होतं हे त्यांना पटेल. पण हेच त्यांना सर्वांत जास्त लागलं. "माझ्याच घराची किल्ली मी पाकिटात कोंडून ठेवू?" आणि उठता उठता म्हणाले, "बघू, करार संपतोच आहे आता."

तेच डोक्यात घर करून बसलंय. त्या रात्री मी त्यांना मेसेज पाठवला: घर पाहायचं असल्यास आदल्या दिवशी कळवावे, मी घरी असताना यावे, आणि खाली कलम २८. उत्तर म्हणून नुसते जोडलेले हात आले. होकार की निरोप, तूच सांग. करार दिवाळीनंतर संपतो. त्यांनी पुढे करायचा नाही म्हटलं तर मला निघावंच लागेल, कारण मुदत संपल्यावर राहिलं तर त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने दुप्पट दराने पैसे मागता येतात. डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलेलं. आणि नवीन घर शोधायचं म्हणजे पुन्हा ते सगळं: एकट्याच का, लग्न का नाही, येणार-जाणार कोण. आणि त्या घराच्याही दोन किल्ल्या असणार, एक माझी आणि एक कुणाचीतरी.

किल्लीवाल्याला विचारून आले. म्हणाला, कुलूप तसंच ठेवून किल्ली जिथे फिरते ते आतलं सिलिंडर बदलता येतं, घर सोडताना जुनं परत बसवून देईन. काम लहानसंच. पण करारात लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय काहीही बदलायचं नाही, आणि मी कलम दाखवून बोलायचं ठरवलंय तर आपला करार मोडून कसं चालेल? म्हणून ठरवलंय की नव्या करारात एक ओळ आली तरच सही करायची: आधी कळवल्याशिवाय आणि मी घरात नसताना कुणी आत यायचं नाही, किल्ली पाकिटात. ओळ नाही तर मीही नाही. घर मला आवडतं गं. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं, ऑफिसला चालत जाता येतं. तरी सोडीन.

ती ओळ तू लिहून दे. मी लिहिते ती एकतर विनंती होते नाहीतर नोटीस. काकूंसाठी तू दारावर चिठ्ठी लावली होतीस ना, चार शब्दांची, तशी हवी. त्यांना वाचून अपमान वाटू नये आणि दुसरा अर्थही काढता येऊ नये.

तुझं काय? बदली झाली की टळली? सासूबाईंच्या गुडघ्याचं काय ठरलं? मोठीची दहावी ना यंदा, तिला म्हणावं गणिताला घाबरू नकोस, अडलं की मावशीला फोन कर. आणि तिच्या खोलीत जाताना दार वाजवतेस ना? रागावू नकोस, विचारतेय आपलं. धाकट्याचे दात पडले की नाही अजून? फोटो पाठव. घरी सगळ्यांना नमस्कार.

कराराच्या प्रतीचे फोटो आजच पाठवते. शेवटून दुसऱ्या पानावर ताब्याची ओळ आहे, ती आधी वाच आणि मग फोन कर. नऊनंतर केव्हाही, मी जागीच असते.

तुझीच,
नीलू