विषय: एक्झॉस्ट फॅनचा पाइप फॉल्स सीलिंगमध्ये मोकळा सोडलाय आणि तुमचा माणूस मला विचारतो की तुम्ही किती वेळ बसता

व्यवस्थापक,

काल सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझा नववा कॉल झाला, त्यानंतर हे लिहितोय. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये अडगळीच्या खोलीचं हाफ बाथरूम तुम्हीच करून दिलंय, ड्रॉइंग तुमच्याकडे आहे, त्यामुळे कमोड कुठे आणि बेसिन कुठे हे परत सांगत बसत नाही. तीन बाय पाचची खोली, एक लाख साठ हजार रुपये, आणि चार महिने झाले तरी वास.

त्या खोलीला डक्टच्या, म्हणजे बिल्डिंगमधल्या पाइपांच्या उघड्या बोळकांडीच्या, बाजूला लूव्हर्सची दीड बाय दोनची खिडकी होती. जुनी, गंजकी, पण हवा जायची. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये संडासाच्या खिडकीला किमान ०.३७ चौरस मीटर उघडं माप सांगितलंय, म्हणजे साधारण चार चौरस फूट. आमची तीनच होती, म्हणजे तशीही कमी, पण तुमच्या डिझायनर मॅडमनी ती सरळ बुजवून टाकली कारण तिथे लाइटवाला आरसा येणार होता. मी तेव्हाच म्हणलं होतं की अहो खिडकी कशाला घालवता, तर त्या म्हणाल्या सर एक्झॉस्ट देतोय ना, खिडकीपेक्षा भारी. थ्रीडीमध्ये छान दिसत होतं हे कबूल करतो. कमोडच्या टाकीवर मनी प्लँट पण होता.

आता एक्झॉस्टचं ऐका. फॅनच्या बॉक्सवर ताशी १५० घनमीटर लिहिलंय. खोलीत हवा किती, तर सव्वातीन घनमीटरच्या आत. म्हणजे सव्वा-दीड मिनिटात हवा बदलायला पाहिजे, आणि इथे अर्धा तास फॅन चालवून पण पॅसेजमध्ये वास येतो आणि आरशाच्या कडेला बुरशी धरलीय. फॅन फिरतोय, आवाज पण व्यवस्थित करतो. टिश्यू पेपर जाळीला लावून बघितला तर खाली पडला. शेवटी मागच्या रविवारी मीच स्टुलावर चढलो आणि सीलिंगची झडप उघडली. आत तुमचा चार इंची पाइप दोन ठिकाणी मुडपून सीलिंगच्या प्लायवर आडवा पडलेला, तोंड उघडं, त्यात एक पाल. डक्टची भिंत तिथून चार फुटांवर, आणि त्या भिंतीला भोकच नाही!! फॅन खालची घाण हवा वर फेकतो आणि ती बरीचशी दिव्यांच्या फटीतून परत खाली येते. प्लायच्या खालच्या बाजूला काळे ठिपके आलेत, फोटो जोडलेत. आणि तुमच्या बिलात पान दोनवर बघा, "कोअर कटिंग ४ इंच, १ नग", म्हणजे भिंतीला गोल भोक पाडायचे, अठराशे रुपये. हा एक नग कुठे पाडलात ते सांगा, मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये पण बघून येतो.

दुसरी गोष्ट नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याची. इथे कोणी आंघोळ करत नाही, फरशीवर रोज पाणी पडत नाही, त्यामुळे ट्रॅपमधलं दोन इंचाचं पाणी वाळून जातं आणि ड्रेनेजचा वास सरळ वर येतो. हे मला आमच्या सोसायटीच्या प्लंबरने दोन मिनिटांत सांगितलं, फुकट. वर तुम्ही दाराला खालून रबरी पट्टी मारलीय, म्हणजे बाहेरून हवा आत यायला जागाच नाही, मग फॅन हवा ओढणार कुठून तर त्या वाळलेल्या ट्रॅपमधून. दार लावून, फॅन सुरू करून उदबत्ती ट्रॅपच्या जाळीपाशी धरली तर धूर जाळीपासून जोरात वर उडत होता. मग ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि पट्टी सोलून काढली, तर वास निम्म्यावर आला. तुमचे तीन टेक्निशियन येऊन गेले, तिघांनी काय केलं तर रूम फ्रेशनर मारला. एकाने तर आमचाच मारला.

दाराबद्दल लिहायचं नव्हतं पण आता लिहितो. ड्रॉइंगमध्ये दार बाहेर उघडणारं, बसवलं आत उघडणारं. पाच फुटातले सत्तावीस इंच कमोडचे, सत्तावीस इंच दाराचे, उरले सहा. आत जाऊन कमोडला पाय टेकवून पोट आत घेतल्याशिवाय दार लागत नाही. दार बेसिनला घासायला लागलं तर तुमच्या मिस्त्रीने बेसिन आत सरकवलं, आता बसलं की उजवं कोपर बेसिनवर. कमोडच्या मध्यापासून बाजूला पंधरा इंच तरी मोकळं सोडतात, आमच्याकडे मोजून आठ राहिलेत. हे बाथरूम माझ्या आईसाठी केलंय, तिचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखतात, रात्री लांब जायला नको म्हणून. उद्या ती आत पडली तर तिला ढकलल्याशिवाय ते दार उघडणार नाही. याचा विचार डिझाइनवाल्याने करायचा की मी?

आता कालचा कॉल. चौदा मिनिटं ती ट्यून ऐकली, मग एक गृहस्थ आले. फोन स्पीकरवर होता, आई समोर मेथी निवडत बसलेली. मी खिडकी, पाइप, भोक, ट्रॅप सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्याकडे युसेज कसं आहे?"
म्हणलं युसेज म्हणजे?
"म्हणजे एकावेळी साधारण किती वेळ बसता?"
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणलं परत बोला. ते परत बोलले, जरा मोठ्याने, मी बहिरा असल्यासारखं. वर म्हणाले, "सर सिस्टीममध्ये पाच ते सात मिनिटं युसेज धरलेलं असतं, त्याच्या वर गेलं तर व्हेंटिलेशनची कंप्लेंट वॉरंटीत येत नाही." मी विचारलं हे कुठे लिहिलंय, तर म्हणे इंटर्नल पॉलिसी आहे. आणि मग, मी अजून सावरलो पण नव्हतो, तर आवाज एकदम मऊ करून, "सर, घरात सगळ्यांचं पोट वगैरे ठीक आहे ना?"
आईने मेथी खाली ठेवली आणि म्हणाली, त्याला विचार त्याच्या घरच्या संडासात घड्याळ लावलंय का. मी नाही विचारलं. सभ्यपणा आडवा आला, त्याचा आता पश्चात्ताप होतोय. पाचव्या मिनिटाला तुमच्या भिंतीला आपोआप भोक पडणार असेल तर तसं सांगा, आम्ही बसून वाट बघू.

काल संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली? भोक नाहीये अजून.

मला काय पाहिजे ते सांगतो. भिंतीला भोक पाडून सरळ कडक पाइप डक्टमध्ये काढा, फ्लेक्सिबलचा मुडपलेला नको, बाहेरच्या तोंडाला झडपेची जाळी लावा म्हणजे डक्टची हवा आणि कबुतरं आत येणार नाहीत. दार बाहेर उघडणारं करा आणि खाली पाऊण इंच फट ठेवा. बेसिन लहान द्या आणि जागेवर घ्या. सीलिंगचं प्लाय बदला. पाइप, झडप आणि क्लॅम्प मी तपकीर गल्लीतून स्वतः आणू शकतो, फार पैसे लागत नाहीत, पण का आणू?

पंधरा दिवस देतो. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत तिथे फी पण लागत नाही, आणि मी रिटायर झालोय, मला तारखांना यायला भरपूर वेळ आहे. ग्राहक पंचायत १९७४ साली याच पुण्यात सुरू झाली, आमच्याकडे या गोष्टीची जुनी सवय आहे. झडप उघडल्याचा व्हिडिओ पण काढून ठेवलाय, पालीसकट. खरं सांगतो, तुमचं नाव मीच सोसायटीत तीन घरांना सांगितलं होतं, आता लिफ्टमध्ये ते भेटले की मी मोबाइलमध्ये बघतो.

माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करा. दुपारी फोन आई उचलते. तिला युसेज विचारू नका.

ता.क. कोअर कटिंगचे अठराशे वेगळे परत पाहिजेत.