तबकड्या पोहोचवणाऱ्यांचीही दखल घ्यावी

संपादक महोदय,

टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची चर्चा डीजेंपाशीच थांबते आणि तबकड्या दुकानांपर्यंत पोहोचवणारे स्वतंत्र वितरक उपेक्षित राहतात, याची खंत वाटते. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या टेक्नो संगीतसमूहाच्या माइक बँक्स यांनी नव्वदच्या दशकारंभी ‘सबमर्ज’ या वितरण कंपनीची उभारणी केली, त्यामुळे स्थानिक लेबलांना (तबकड्या प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांना) वितरणासाठी बड्या कंपन्यांच्या दारात उभे राहावे लागले नाही, मला हे काम संगीतनिर्मितीइतकेच मोलाचे वाटते. काही शे प्रती छापण्याचा खर्च अनेकदा वितरकच आगाऊ उचलतो आणि विक्रीतून वसूल करून उरलेली रक्कम लेबलला देतो. म्हणूनच २००४ मध्ये जर्मनीतील ‘ईएफए’ या वितरण कंपनीचे दिवाळे निघाले, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या छोट्या लेबलांचेही पैसे बुडाले. आपल्या पुरवणीने या व्यवस्थेवर सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे