रविवारची संध्याकाळ

महोदय,
मी २७ वर्षांचा आहे. चार वर्षांपासून सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, आणि एकटेपणा खरा तेव्हाच अंगावर येतो. वडापाव घेऊन कोपऱ्यावर उभं राहायचं. समोरून आपल्याच वयाची मुलं-मुली घोळक्याने हसत जातात, त्यातला एकही घोळका आपला नसतो.

अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मुलाचं नाव मला सहा महिने ठाऊक नव्हतं. त्याची निळी पाण्याची बाटली तेवढी ओळखीची होती. एक दिवस ती दिसली नाही. तो कायमचा गावी परतला होता. साधा निरोपही घेता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

गावी गेलं तरी तेच. मित्र ट्रॅक्टरच्या हप्त्यांचं बोलतात, मला फक्त ‘निकाल कधी?’ विचारतात.

सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन (१४४१६) २०२२ पासून आहे, तिची गरज आहेच. पण तिथे फोन करायची वेळ येण्याआधीही कुणीतरी बोलायला हवं असतं. महापालिकेने अभ्यासिकांजवळ एखादी खोली दर रविवारी संध्याकाळी गप्पांसाठी, कॅरमसाठी उघडी ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक परीक्षार्थी, पुणे