पायातली ताकद गेली तर छातीचा सीटी पण करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल कुठेही वाचलं की लक्षणं तीच दिलेली असतात, खोकला, थुंकीतून रक्त, दम, वजन घटणं. ती बरोबरच आहेत, पण काही जणांत हा कॅन्सर आधी छातीत नाही तर मांड्यांमध्ये दिसतो आणि हे कोणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मोठ्या भावाला खोकला अजिबात नव्हता. त्याला खुर्चीतून उठताना हात टेकवावे लागायचे, जिना चढला की मांड्या भरून यायच्या, तोंड सारखं कोरडं आणि पोट साफ होत नव्हतं. सगळे म्हणाले वय झालं, मग व्हिटॅमिन झालं, मणक्याचा एमआरआय झाला, आणि तो कित्येक वर्षं सिगरेट ओढत होता हे मांडीच्या दुखण्याशी जोडायचं कोणाच्या मनातच आलं नाही. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही, मग त्यांनी थोडा वेळ पाय जोरात ताणून धरायला लावला आणि परत मारली तर पाय उडाला. त्यांनी लगेच नसांची टेस्ट आणि छातीचा सीटी लिहून दिला.

या आजाराला लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम म्हणतात, 1956 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. होतं असं की स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात पेशींवर जे कॅल्शियम चॅनल (कॅल्शियम आत सोडणारी बारीक दारं) असतात तसेच नसांच्या टोकालाही असतात, शरीर कॅन्सरशी लढायला अँटीबॉडी बनवतं आणि त्या नसांवरही तुटून पडतात. मग नसेतून स्नायूला हुकूम देणारं ॲसिटिलकोलीन पुरेसं सुटत नाही. स्नायू धड असतो, नसही धड असते, बिघाड दोघांच्या मधल्या जागेत असतो, म्हणून एमआरआयमध्ये काही सापडत नाही. नसांच्या टेस्टमध्ये मात्र सिग्नल आधी एकदम छोटा येतो आणि दहा सेकंद जोर लावल्यावर दुपटीहून मोठा होतो, ही मोठी खूण आहे.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू कमजोर करणाऱ्या दुसऱ्या आजाराशी याची गल्लत होते. त्यात बहुतेक वेळा सुरुवात डोळ्यांपासून होते, पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, आणि गाठ असलीच तर ती छातीतल्या थायमस ग्रंथीत असते. इथे सुरुवात पायांपासून. आणि पुरुष एक गोष्ट लपवतात ती म्हणजे लैंगिक ताठरता न येणं, तेही याच आजाराचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, लाजून चालणार नाही.

घाबरवायचा हेतू नाही. लॅम्बर्ट-ईटन झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांनाच कॅन्सर असतो, बाकीच्यांना तो कधीच सापडत नाही. पण वय पन्नासच्या पुढे आणि सिगरेटची सवय असेल तर संशय जास्त धरायला हवा. पहिला सीटी क्लिअर आला म्हणून फाइल बंद करू नका!! गाठ खूप लहान असू शकते, त्यामुळे दर तीन ते सहा महिन्यांनी निदान दोन वर्षं परत तपासणी करायची असते. नुसता एक्स-रे पुरत नाही. हे सगळं करायचं कारण म्हणजे पायांमुळे हा कॅन्सर कधीकधी लवकर पकडला जातो आणि तेवढाच उपचाराला वेळ मिळतो.

उपचार आहेत. कॅन्सरवर केमो सुरू झाली की बऱ्याच जणांची ताकदही सुधारते. ॲमिफॅम्प्रिडिन नावाची गोळी नसेतून ॲसिटिलकोलीन जास्त सुटायला मदत करते, अमेरिकेत तिला 2018 मध्ये मंजुरी मिळाली. लागलं तर इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी), स्टेरॉइड देतात.

तुमच्या आरोग्य पुरवणीत लक्षणांच्या यादीत ही पायांची कमजोरी आणि कोरडं तोंड एका ओळीत तरी घाला अशी विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी कुठलंही ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञाला हा आजार आधी सांगावा, कारण भूल देताना वापरतात ती स्नायू सैल करणारी औषधं यांना फार जास्त लागू पडतात, काही अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियमनेही कमजोरी वाढू शकते, तेव्हा आजाराचं नाव एका कागदावर लिहून रिपोर्टच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक