कॉलेजच्या हॉकीला कायमचा प्रशिक्षक हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त आपण पुण्याच्या हॉकीवर मजकूर छापलात, त्याबद्दल आभार. खडकीत वाढलेले आणि चार ऑलिम्पिक खेळलेले धनराज पिल्ले त्यात होते, ते असायलाच हवेत. पण सगळा मजकूर खेळाडूंचा होता. खेळाडू घडवणाऱ्यांबद्दल त्यात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

मी खडकीचीच. पुणे विद्यापीठाच्या मुलींच्या संघातून खेळले, नंतर शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅलेजवळ राहते. तिच्याकडे गेले असताना जवळच्या चॅपल हिल गावातले विद्यापीठाचे हॉकी मैदान मुद्दाम पाहून आले. मैदानाला नाव आहे कॅरन शेल्टन यांचे. ते वाचून मला वाटले, कोणी देणगीदार बाई असतील. मुलीने सांगितले, या तर तिथल्या संघाच्या प्रशिक्षक! २०१८ मध्ये नाव दिले गेले तेव्हा त्या नोकरीतच होत्या. प्रशिक्षकाच्या हयातीत, तेही त्या रोज ज्या मैदानावर उभ्या राहत त्यालाच त्यांचे नाव, हे पाहून मला भरून आले.

शेल्टन १९८१ मध्ये तिथे रुजू झाल्या, तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. प्रशिक्षक असतानाच त्या देशाकडूनही खेळत होत्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले, त्या संघात त्या होत्या. त्या पदकाची हकीकत हॉकीवाल्यांनी ऐकावी अशी आहे. अमेरिकेचे सामने संपले होते आणि मुली प्रेक्षकांत बसून शेवटचा सामना पाहत होत्या. निकाल असा लागला की तिसऱ्या जागेसाठी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका बरोबरीत आल्या. मग या मुली प्रेक्षागारातून उतरून मैदानात आल्या आणि पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे फक्त गोलकीपर समोर असताना मारायच्या फटक्यांवर, १०-५ ने जिंकल्या.

तिथे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हॉकी फक्त मुलींची असते, हे इथे अनेकांना ठाऊक नसेल. हा खेळ अमेरिकेत १९०१ मध्ये कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी या इंग्लिश शिक्षिकेने नेला आणि मुलींच्या कॉलेजांतून फिरून शिकवला. त्या १०७ वर्षे जगल्या. १९८१ मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी शेल्टन रुजू झाल्या. मधल्या काळात १९७२ च्या कायद्याचा मोठा आधार झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींना खेळात डावलता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरले.

आता माझा मुद्दा. शेल्टन यांनी एकूण १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, पण त्यातले पहिले १९८९ मध्ये, म्हणजे त्यांच्या नवव्या हंगामात. आपल्याकडे नऊ वर्षे कोण थांबले असते? त्यापुढचे तर मला अधिकच महत्त्वाचे वाटते. २००९ च्या विजेतेपदानंतर त्यांचा संघ २०१०, २०११, २०१२, २०१५ आणि २०१६ अशा पाच अंतिम सामन्यांत हरला, बहुतेक एकेका गोलाने. पाच वेळा दारापर्यंत जाऊन परत! बाईंना कोणी काढले नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये त्याच बाईंच्या संघाने एकही सामना न हरता विजेतेपद घेतले, मग २०२० च्या हंगामाचे घेतले आणि २०२२ मध्ये पुन्हा अपराजित राहून घेतले. ४२ हंगामांनंतर, त्या विजयावर त्या निवृत्त झाल्या. त्यांची जागा घेतली एरिन मॅटसन या त्यांच्याच खेळाडूने, वय २२. मॅटसन यांच्या पहिल्याच हंगामात, २०२३ मध्ये, संघ परत विजेता झाला.

पुण्यात काय चालते, ते माझ्या भाचीच्या निमित्ताने जवळून पाहते आहे. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका कॉलेजची नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख जाहीर झाली की जिमखान्यातून फोन जातो आणि तीन आठवड्यांसाठी एक प्रशिक्षक येतो. मानधन किरकोळ, तेही केव्हा मिळेल याची खात्री नाही. स्पर्धा संपली की तो जातो. पुढच्या वर्षी दुसरा येतो आणि मुलींची नावे विचारण्यापासून सुरुवात करतो. शारीरिक शिक्षण संचालकांना दोष द्यावासा वाटत नाही. एकाच माणसाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ पाठवायचे, प्रवेशिका भरायच्या, टीए-डीएची बिले काढायची. तो हॉकी कधी शिकवणार?

तीन आठवड्यांत काय शिकवता येते, ते मी सांगू शकते. कोण कुठे खेळणार ते ठरवता येते आणि दम वाढवता येतो. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलच्या बाजूच्या रेषेवरून चेंडू आत ढकलून गोल करण्याची संधी, मात्र बसत नाही. आत ढकलणारी, थांबवणारी आणि मारणारी अशा तिघींचे हात एकमेकींना ठाऊक व्हावे लागतात, त्याला वर्ष लागते. दुसरी अडचण मैदानाची. मुली सराव करतात मातीवर आणि सामना होतो पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून स्टिक उभी धरायची सवय लागते. ओल्या टर्फवर चेंडू सरपटत, वेगाने येतो. तिथे गुडघ्यात वाकून स्टिक आडवी घालावी लागते. ही सवय मोडून दुसरी लावणारा माणूस वर्षभर जवळ नसेल, तर मुलींनी ती कोणाकडून घ्यायची?

अमेरिकेकडे पैसा आहे, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटेही नाही. पण मुंबईत मर्झबान पटेल वर्षानुवर्षे मुलांना हॉकी शिकवत राहिले, २०१९ मध्ये त्यांना जीवनगौरव म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागे अमेरिकन विद्यापीठाचा खजिना नव्हता. ते एका जागी टिकून राहिले.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला माझी विनंती आहे. एकेका कॉलेजला झेपत नसेल तर जवळजवळच्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक हॉकी प्रशिक्षक नेमावा. नेमणूक किमान पाच वर्षांची असावी आणि पगार बाराही महिने मिळावा. मधल्या एखाद्या पराभवावरून त्याला हात लावू नये. पिंपरी-चिंचवड महापालिकेने कॉलेजच्या मुलींसाठी आठवड्यातल्या दोन सकाळी टर्फ सवलतीत द्यावे. माणसे शोधायलाही लांब जायला नको. रेल्वेत, बँकेत, पोलिसांत नोकरी करून निवृत्त झालेले आणि विद्यापीठाकडून खेळलेले कितीतरी जण खडकी-बोपोडी परिसरात राहतात. त्यांत बायकाही आहेत. मॅटसनला जसे आपल्याच मैदानावर बोलावले, तसे यांना कोणी बोलावलेले नाही.

यंदाच्या स्पर्धा तोंडावर आहेत, तेव्हा यंदाचे प्रशिक्षक तरी स्पर्धेनंतर सोडू नयेत. निदान जूनपर्यंत ठेवावेत. कोणत्याही कॉलेजने बोलावले तर मुलींना पेनल्टी कॉर्नर शिकवायला मी सकाळी साडेसहाला मैदानावर येईन. मानधन नको. चेंडू आणि गोलकीपरचे पॅड तेवढे कॉलेजने द्यावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, खडकी, पुणे