बाबा, त्या फोटोत तुम्ही दोनदा आहात

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गेले चार रविवार आज सांगायचंच असं ठरवून फोन केला आणि चारही वेळा "ऑफिस काय म्हणतंय?" यावर "चाललंय" म्हणून मोकळी झाले. ते खरं नव्हतं. नोकरी सोडून मला अडीच महिने झाले. नोकरी सोडल्याची धास्ती एकवेळ परवडली, पण तुमच्याशी खोटं बोलल्यानं झोप लागेना, म्हणून आज लिहायला बसले. आई, लगेच फोन लावू नकोस, आधी शेवटपर्यंत ऐक. बाबा, तुम्हीच वाचून दाखवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय, तिनं डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

ज्या गोष्टींनी तुमच्या पोटात गोळा येईल, त्या आधी सांगून टाकते. वर्षभराचा घरखर्च मी वेगळ्या खात्यात ठेवला आहे आणि त्यातून अजून काही काढावं लागलेलं नाही. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेल्या ठेवीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. तुमचा मेडिक्लेम माझ्या ऑफिसच्या पॉलिसीत होता. राजीनामा देण्याआधीच तो त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेतला, मधे एक दिवसाचाही खंड पडू दिला नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन त्यात बसतं, हे लेखी विचारून घेतलंय. दर महिन्याला औषधांचा डबा घरी येतो तो येतच राहील. म्हणजे तुमच्या दिवसात काहीच बदलणार नाही. बदल झालाय तो माझ्या दिवसात.

आता मी काय करते ते. पूर्णवेळ पॅनोरमा फोटोग्राफी. आपलं जुनं घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी माजघरात ट्रायपॉड लावून मी जे करत होते, तेच. एका जागी उभं राहून चहूबाजूंचं, वर छताचं, खाली जमिनीचं, सगळं टिपायचं आणि त्याचा एकच अखंड फोटो करायचा. बघणारा त्यात मान वळवून पाहिल्यासारखा फिरतो. आई, तो फोटो तुझ्या फोनवर पहिल्यांदा उघडला तेव्हा तू फोन धरून हळूहळू वळत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलीस आणि थांबलीस. मग फोन खाली झुकवून उंबऱ्याची झिजलेली कड काचेवरच बोटानं चाचपलीस. मी तेव्हा काही बोलले नाही. पण यावर पोट भरावं, हे मनात आलं ते तिथे.

आणि बाबा, त्या फोटोत तुम्ही दोनदा आहात. एकदा खिडकीशी, एकदा कोनाड्याशी. मी कॅमेरा टप्प्याटप्प्यानं फिरवत होते आणि तुम्ही माझ्या पाठीमागून चालत येऊन पुढच्या टप्प्यात उभे राहिलात. काढून टाकायला दहा मिनिटंही लागली नसती. मी ठेवलं. ही गंमत जुनीच आहे. १९०४ साली अमेरिकेत सर्कट नावाच्या कॅमेऱ्याचं पेटंट निघालं. तो चावीवर स्वतःभोवती फिरायचा आणि आतली फिल्मही त्याच गतीनं सरकायची. अख्खी शाळा अर्धगोलात उभी करून फोटो काढायचे, तेव्हा एखादा मुलगा कॅमेऱ्याच्या आधी मागून पळत दुसऱ्या टोकाला जायचा आणि दोन्ही टोकांना दिसायचा. तुम्हाला पळावंही लागलं नाही.

हत्यारांची चौकशी केल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, तेव्हा सांगते. कॅमेऱ्याची बॉडी सेकंडहँड घेतली, फुलफ्रेम मिररलेस, २४ मेगापिक्सेल. नवीन घ्यायची गरजच नव्हती. मला उडता पक्षी टिपायचा नाही, भिंत टिपायची आहे, ऑटोफोकस मी बंदच ठेवते. पैसे घातले ते लेन्स आणि पॅनोरमा हेड या दोन गोष्टींत. लेन्स १५ मिलिमीटरची फिशआय, म्हणजे एका फोटोत खूप रुंद भाग घेणारी. कॅमेरा उभा धरून दर ६० अंशांवर एक असे गोलात सहा फोटो, एक वर, एक खाली, की काम झालं. शेजारशेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग सामाईक येतो, त्यावरून सॉफ्टवेअर सांधे जुळवतं. जोडून तयार होणारा फोटो १४,००० पिक्सेल रुंद आणि ७,००० उंच असतो. भिंतीवरच्या नोटिशीतली अक्षरंसुद्धा वाचता येतात.

पॅनोरमा हेड म्हणजे ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामधला धातूचा हात. एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे का, असं दादानं विचारलंच. बाबा, तुम्ही मला एक डोळा मिटून अंगठा समोर धरायला लावायचात आणि मग डोळा बदलायला सांगायचात. अंगठा उडी मारायचा आणि मी खिदळायचे. तीच उडी इथे सगळं बिघडवते. कॅमेरा नुसता ट्रायपॉडच्या स्क्रूवर फिरवला तर लेन्स स्वतः जागा बदलते, जवळची खुर्ची मागच्या भिंतीवरून सरकते आणि सांधा तुटतो. हेडवर कॅमेरा मागे सरकवता येतो, म्हणजे तो लेन्समधल्या नेमक्या एका बिंदूभोवती फिरतो. सगळे त्याला नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर छिद्र जिथे आहेसं वाटतं, ती ही जागा. मी दाराची चौकट आणि लांबचा विजेचा खांब एका रेषेत धरून, पट्टी अर्धा अर्धा मिलिमीटर सरकवत दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी खांब चौकटीपासून हलला नाही. आता पट्टीवर पांढऱ्या रंगाची खूण आहे. तुम्ही तुमच्या टेपवर करायचात तशी.

याशिवाय दोन्ही बाजूंना लेन्स असलेला एक छोटा ३६० कॅमेरा घेतलाय. एकदा बटण दाबलं की सगळं एकदम येतं. बारकावे फिशआयइतके येत नाहीत आणि अगदी जवळच्या वस्तूवर सांधा दिसतो, पण जिथे दिवसभरात पन्नास जागा उरकायच्या असतात तिथे हाच उपयोगी. नवशिक्यानं आधी हाच घ्यावा, असं माझं मत झालंय. जोडायचं काम मी हगिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर शिकले. त्याचा पाया जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ साली घातला. काम मिळू लागल्यावर मग पीटीगुई या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलं. उधारीवर काहीच नाही, हप्ता एकही नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही, तेही सांगते. पहिल्याच पैशाच्या कामात मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग सावरायची सेटिंग, ऑटोवर विसरले. सहा फोटोंत एकाच रंगाच्या भिंती सहा रंगांच्या आल्या, खिडकीकडे निळसर, दिव्याखाली पिवळट. स्वतःच्या खर्चानं परत गेले आणि पुन्हा सगळं काढलं. तेव्हापासून ट्रायपॉडच्या पायावर चिठ्ठी चिकटवली आहे: एक्स्पोजर, रंग, फोकस, तिन्ही कुलपात. मग एकानं सगळ्या फाइल्स घेतल्या आणि उरलेले पैसे दिलेच नाहीत. रडले त्या दिवशी. आता निम्मे पैसे आधी घेते आणि पूर्ण हिशेब झाल्याशिवाय मोठ्या आकारातली फाइल देत नाही.

बाबा, हे फॅड आहे असं तुम्हाला वाटेल. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानं १७८७ साली चहूबाजूंनी गोल दिसणाऱ्या दृश्याच्या चित्रांचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उघडली आणि तिकीट काढून लोक त्या चित्राच्या मधोमध उभे राहायला यायचे. साधनं बदलत गेली, पण मधोमध उभं राहून बघायची माणसाची हौस तेव्हापासून आहे.

आता काम कसं मिळतं. जाहिरातीनं नाही मिळत. मी टॅबलेटवर नमुने घेऊन प्रत्यक्ष जाते. हॉटेलवाल्याला हॉटेलचाच नमुना दाखवायचा, कॉलेजला कॉलेजचाच. दुसऱ्याच धंद्याचा नमुना कितीही देखणा असला तरी समोरच्याला त्यात आपली जागा दिसत नाही. पहिले दोन नमुने मी फुकट केले, तिसरा नाही. फुकटाची सवय लागली की ती दोघांनाही सोडवत नाही. दर पॉइंटप्रमाणे लावते, म्हणजे जितक्या ठिकाणी ट्रायपॉड ठेवला तितके. शिवाय हे फोटो एकमेकांना जोडून केलेली टूर इंटरनेटवर चालू ठेवायचे वर्षाचे वेगळे पैसे. ते थोडे असतात, पण दर वर्षी येतात.

पण ज्या कामाबद्दल तुम्हाला सांगायला मी उतावीळ झाले होते, ते वेगळंच आहे. एका बांधकामाच्या साइटवर मी दर महिन्याला जाते. चाळीस ठरलेले पॉइंट, जमिनीवर खुणा केलेले. दर वेळी त्याच खुणेवर, त्याच उंचीवर कॅमेरा. भिंती बुजवण्याआधी आतले पाइप, वायरी, सगळं येतं. वर प्लास्टर झालं की कोणी ड्रिल मारायला निघालं तर आधी फोटो उघडतात आणि पाइप कुठून गेलाय ते बघतात.

बाबा, तुमच्या साइटच्या डायऱ्या आठवतात? कानावरची पेन्सिल काढून तुम्ही उभ्या उभ्या भिंतीचं चित्र काढायचात. दारापासून इतके इंच, फरशीपासून इतके, आणि पाइपवर बाण. मी तुमच्या मांडीवर बसून त्या बाणांवर लाल खडू फिरवायचे आणि तुम्ही एकदाही रागावला नाहीत. मागच्या महिन्यात तिथल्या सुपरवायझरनं माझा फोटो बघून गळती नेमकी कुठे आहे ते शोधलं, एकच टाइल फोडावी लागली. मला तेव्हा तुम्हाला फोन करायचा होता. पण मी तर ऑफिसात होते ना, तुमच्या लेखी. फोन हातात घेऊन जिन्यात बसून राहिले.

अवघड महिने येतील, मला कल्पना आहे. शाळा-कॉलेजांचं काम प्रवेशाच्या आधी दाटून येतं आणि मग ओसरतं. साइटचं काम इमारत उभी राहिली की संपतं, म्हणून दुसऱ्या साइटशी बोलणी आत्तापासून चालू आहेत. वर्षाअखेरीस पगाराच्या निम्म्यापर्यंतही पोचले नाही तर अर्धवेळ नोकरी धरेन, हे मीच ठरवलंय. त्यासाठी तुम्ही झुरायचं कारण नाही. आई, मी वेळेवर जेवते. बॅग जड आहे, पण चाकांची आहे. उंचावर जाते तेव्हा पट्टा बांधून जाते आणि एकटी कधीच जात नाही.

बाबा, कपाटातल्या खालच्या फायलीतला तो तुमचा राजीनाम्याचा अर्ज मी वाचलाय. बारावीत असताना सापडला होता. तुम्ही तो दिला नाहीत ते कशासाठी आणि कोणासाठी, हे मला कळतं. म्हणून तुम्हाला न विचारता हे केल्याचं जास्त लागतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून लपवलं असं समजू नका. तुम्ही हो म्हणाला असतात आणि मग रात्रभर जागला असतात, त्याची भीती होती.

आता माझं ऐका. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. रीडिंग वहीत लिहायचं, मी आले की बघणार आहे. माळ्यावरचं काहीही काढायला स्टुलावर कोणीही चढायचं नाही, दोघांपैकी कोणीही नाही. बाथरूममध्ये कठडा बसवायला माणूस गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नका. आई, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख या महिन्यातच घे. "तुझं बस्तान बसू दे मग बघू" हे वाक्य मला ऐकायचं नाही. आता मला रजा मागावी लागत नाही. पंधरा दिवस तुझ्याजवळ राहीन, साइटचा एक दिवस सोडून. तुला धरून चालवायला मी असेन. चिडून लिहीत नाहीये गं, तुझं "मग बघू" फार लांबतं म्हणून लिहितेय.

रविवारी फोन करते. रागवायचं असेल तर रागवा, पण दोघं एकदम बोलू नका, मला काही ऐकू येत नाही.

तुमची,
बबडी

ता. क. घराच्या फोटोची नवी लिंक दादाकडे पाठवली आहे, या वेळी अंगण आणि मागचं दारही जोडलंय. आई, उभ्यानं फोन धरून गोल फिरू नकोस, गुडघा वळतो आणि चक्करही येते. बाबांच्या फिरत्या खुर्चीत बस आणि बाबांना सांग, हळू फिरवा.